गावाचा ठराव वेळेत योग्य टेबलावर कसा पोचवायचा: नाशिक जिल्ह्यातली वाट

पालखेडच्या डाव्या कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, येवला तालुक्यात आमचं गाव. काही वर्षांपूर्वी ग्रामसभेत आम्ही एकमताने ठराव केला की रब्बीचं दुसरं आवर्तन, म्हणजे कालव्याला सोडायच्या पाण्याची दुसरी पाळी, टेलकडून सुरू करावं. टाळ्या झाल्या, पेपरात दोन ओळीही आल्या. मग कांद्याच्या लागणी आल्या, एक लग्न आलं, आणि ठरावाची नक्कल माझ्याच घरी कपाटावर पडून राहिली. पाटबंधारेच्या कार्यालयात ती आवक झाली, त्याच्या नऊ दिवस आधी, आवर्तनं ठरतात त्या कालवा सल्लागार समितीची बैठक उरकली होती. टपाल घेणाऱ्याने शिक्का मारला, पोच दिली आणि म्हणाला, "दादा, आता पुढच्या वर्षी." त्याचं काही चुकलं नव्हतं. चूक आमची होती.

तेव्हापासून मी एक वही ठेवतो. कोणता विषय, कोणतं टेबल, कोणता महिना. खालचं सगळं त्या वहीतलं आहे.

आधी विषयाचा मालक शोधा

गावात सगळ्या मागण्या एकाच निवेदनात कोंबायची सवय आहे: रस्ता, पाणी, कांद्याचा भाव, बिबट्याचा बंदोबस्त. खाली शंभर सह्या, आणि कागद तहसीलदारांना. तहसीलदार तो चार खात्यांना "पुढील कार्यवाहीस्तव" पाठवतात आणि तिथून त्याचा माग लागत नाही. एका कागदावर एकच विषय ठेवा.

रस्त्याचं उदाहरण घ्या. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे, प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकामकडे. गावाला दोन्ही डांबरीच दिसतात. रस्त्याचा क्रमांक आधी विचारून घ्या, म्हणजे दोन्ही खात्यांकडून "हा आमचा नाही" ऐकावं लागणार नाही.

पाण्याचं आपल्या जिल्ह्यात जास्त गुंतागुंतीचं आहे, कारण नाशिकचं पाणी तीन दिशांना जातं. निफाड, सिन्नर, येवला, दिंडोरी या पट्ट्याचा बराचसा भाग गोदावरी खोऱ्यात. त्याचं महामंडळ छत्रपती संभाजीनगरला. कळवण, बागलाण, मालेगाव गिरणेच्या खोऱ्यात, म्हणजे तापी महामंडळाकडे, मुख्यालय जळगावला. पेठ-सुरगाण्याच्या नार, पार, दमणगंगा तर सरळ पश्चिमेला उतरतात. देवळ्याच्या माणसाने पालखेडच्या कार्यालयात जाऊन चणकापूरच्या आवर्तनाबद्दल भांडण्यात काही हशील नाही.

ग्रामसभा: रटाळ वाटते, पण मूळ कागद तिथेच जन्मतो

ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चा. त्यानुसार वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली जी संख्या कमी असेल ती. म्हणजे मोठ्या गावातसुद्धा शंभर माणसं पुरतात, आणि तेवढी पारावर रोज संध्याकाळी असतात. तरी सभा तहकूब होते. तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची अट नसते, आणि मग आठ-दहा जणांत गावाचं वर्ष ठरतं. ज्याला हे माहीत असतं तो मुद्दाम दुसऱ्या सभेलाच येतो. तुम्ही पहिल्या सभेला माणसं आणा.

सभेच्या आधी आठवडाभर नोटीस लागते. नोटीस लागायच्या आधीच आपला विषय लेखी देऊन पोच घ्या. विषयपत्रिकेत नसलेला विषय "आयत्या वेळच्या विषयांत" ढकलला जातो, आणि ती वेळ येईपर्यंत लोक चपला घालायला लागलेले असतात. २०२४ पासून ग्रामसेवकाचं पद "ग्रामपंचायत अधिकारी" झालं आहे. गावात अजून भाऊसाहेबच म्हणतात, पण अर्जावर नवं पदनाम घाला.

नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. बहुतेक गावांत तिची सही घरोघर फिरून घेतात. हे मला फार लागतं, कारण उन्हाळ्यात कोणती विहीर कोणत्या आठवड्यात आटते हे नेमकं सांगणारी माणसं त्याच सभेत असतात. आमच्याकडे एकदा ती सभा खरोखर भरली. एका मावशींनी सांगितलं, "हनुमान जयंतीनंतर गावविहिरीला दोन हंडे येतात, मग तासभर थांबायचं." ते वाक्य तसंच्या तसं प्रोसिडिंगमध्ये लिहून घेतलं. टँकरच्या प्रस्तावाला त्याच्याइतका पक्का पुरावा दुसरा नव्हता.

ठराव कसा लिहायचा

बहुतेक ठराव असे असतात: "गावातील शेतकऱ्यांना पुरेसे पाणी मिळावे, ही नम्र विनंती. सर्वानुमते मंजूर." यात नाकारायला काही नाही आणि मंजूर करायलाही काही नाही. वाचणारा अधिकारी यावर काय लिहील? "नोंद घेतली."

ठरावात चार गोष्टी लागतात: काय घडलं, त्याचा आकडा, कोणी काय करायचं, आणि कधीपर्यंत. आमचा दुसऱ्या वर्षीचा ठराव साधारण असा होता (चारी म्हणजे कालव्याचा फाटा, दार म्हणजे तिच्यातून शेताकडे पाणी सोडायची जागा): "मागील रब्बीत दुसऱ्या आवर्तनाचे पाणी आपल्या चारीच्या शेवटच्या चार दारांपर्यंत पोचले नाही. त्याखालील क्षेत्र व खातेदारांची यादी सोबत जोडली आहे. येत्या रब्बीचे पाणी 'टेल टू हेड' पद्धतीने द्यावे आणि चारीची दुरुस्ती पहिल्या आवर्तनाआधी करावी, अशी शिफारस कार्यकारी अभियंत्यांनी कालवा सल्लागार समितीपुढे ठेवावी." खाली सूचक, अनुमोदक, ठराव क्रमांक, दिनांक. खातेदारांच्या यादीला सातबाऱ्याचे गट नंबर.

सभा संपल्यावर लगेच प्रोसिडिंग वाचून घ्या. पुढच्या सभेत इतिवृत्त कायम होताना "हा मुद्दा असा नव्हता" म्हणायला उशीर झालेला असतो. शिक्का-सहीची नक्कल त्याच आठवड्यात हातात घ्या, आणि ती कपाटावर ठेवू नका.

सरकारचं पंचांग

ही या लेखातली सगळ्यात कामाची गोष्ट, म्हणून जरा सविस्तर.

२ ऑक्टोबरपासून गावाच्या विकास आराखड्याची मोहीम सुरू होते. "आमचं गाव, आमचा विकास" म्हणतात तो हा. वित्त आयोगाच्या पैशातून पुढच्या वर्षी काय करायचं ते यात ठरतं, आणि आराखडा ई-ग्रामस्वराजच्या संकेतस्थळावर चढतो. गटार पुन्हा पुन्हा का होते आणि शाळेची खोली का होत नाही, याचं उत्तर बहुतेक वेळा या आराखड्यातच सापडतं. तो कोणालाही पाहता येतो.

१५ ऑक्टोबरला धरणांचा साठा मोजला जातो आणि रब्बीचं पाणी त्यावर ठरतं. नाशिक-नगरकरांच्या डोक्यात ही तारीख कोरलेली असते, कारण पैठणच्या जायकवाडी धरणाचा हिशेबही त्याच दिवशी होतो. मेंढेगिरी समितीच्या २०१३ च्या अहवालानंतर आणि जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशानंतर, जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं असं ठरलं. म्हणजे आपल्या चारीला किती पाळ्या, हे कधी कधी पैठणच्या पाणीपातळीवर ठरतं. आवडो न आवडो, हे धरूनच मागणी लिहावी लागते.

त्यानंतर कालवा सल्लागार समिती बसते. वर्षात दोनदा, रब्बीच्या आणि उन्हाळ्याच्या तोंडावर. तिच्यात आमदार, अधिकारी आणि पाणीवापर संस्थांचे लोक असतात. तुमचा कागद बैठकीआधी दहा-पंधरा दिवस कार्यकारी अभियंत्यांकडे आणि एक प्रत आमदारांच्या कार्यालयात हवी. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सात नंबरचा पाणी अर्ज भरा. आपण तो भरत नाही, कारण थकबाकी विचारतील ही भीती असते, शिवाय पाणी तर येतंच असं वाटतं. पण खात्याच्या लेखी फॉर्म नाही म्हणजे मागणी नाही. ठरावात दोनशे एकर आणि फॉर्म वीस एकराचे असले, तर अधिकारी वीसच धरणार, आणि त्याला दोष देता येत नाही.

ऑक्टोबर ते जून या काळाचा टंचाई आराखडा तीन टप्प्यांत होतो: ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून. पाणी आटल्यावर धावपळ करण्यापेक्षा दिवाळीच्या सुमारासच गावाचं आणि वाडीचं नाव आराखड्यात आहे का ते पंचायत समितीत बघून या. नाव नसेल तर एप्रिलमध्ये टँकरसाठी तहसीलदार आणि गटविकास अधिकाऱ्यांच्या (बीडीओ) संयुक्त पाहणीची वाट पाहत बसावं लागतं. नाव असलं तरी पाहणी होतेच, पण मग सुरुवात शून्यातून नसते.

मोठा पैसा जिल्हा नियोजन समितीत, म्हणजे आपल्या बोलीतल्या डीपीडीसीत. ७४ व्या घटनादुरुस्तीतून आलेली आणि राज्यात १९९८ च्या कायद्याने उभी राहिलेली ही समिती. पालकमंत्री अध्यक्ष, जिल्हाधिकारी सदस्य-सचिव, आणि जिल्हा परिषद व नगरपालिकांतून निवडून आलेले सदस्य. पेपरात फोटो येतो तो शेवटच्या बैठकीचा. आकडे त्याच्या कितीतरी आधी जुळतात: खाती ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मागण्या तयार करतात, मग लहान गटाची छाननी, मग जानेवारी-फेब्रुवारीत राज्यस्तरीय बैठक. सर्वसाधारण, अनुसूचित जाती उपयोजना आणि आदिवासी उपयोजना अशी तीन खाती वेगळी असतात. आपलं काम कोणत्यात बसतं ते अर्जात लिहा. २०२२ च्या मार्चमध्ये जिल्हा परिषद सदस्यांची मुदत संपून प्रशासक आले तेव्हा गावाचा एक दरवाजा बंद झाला आणि सगळी भिस्त आमदारांच्या पत्रावर आली. सदस्य असो वा नसो, प्रस्ताव खात्याच्या यादीत दिवाळीपर्यंत गेला पाहिजे.

पाड्यांची वेगळी ताकद

पेठ, सुरगाणा, कळवण हे तालुके आणि दिंडोरी, इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, बागलाणमधली काही गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे १९९६ चा पेसा कायदा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा) आणि राज्याचे २०१४ चे नियम लागू आहेत. बिगरआदिवासी भागातल्या आमच्यासारख्यांना हेवा वाटावा असे अधिकार त्यात आहेत: पाड्याला स्वतःची ग्रामसभा मागता येते, गौण वनोपज, गौण खनिज आणि लहान पाणवठ्यांवर तिचं म्हणणं चालतं, आणि आदिवासी उपयोजनेचा ५ टक्के निधी पेसा ग्रामपंचायतींकडे थेट येतो.

पण पाच-सात पाड्यांची एक ग्रामपंचायत असते आणि सभा मुख्य गावात होते. डोंगर उतरून दोन तास चालत कोण येणार? म्हणून पहिला प्रयत्न पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा घोषित करून घेण्याचा करा. पाड्यातल्या मतदारांनी ठराव करून तो प्रांताधिकाऱ्यांकडे द्यायचा. गावातले पेसा मोबिलायझर या कागदांत मदत करतात.

वनहक्काचे दावे याच ग्रामसभेतून जातात. वनहक्क समिती १० ते १५ जणांची, त्यात एक तृतीयांश स्त्रिया. ग्रामसभेचा निर्णय मान्य नसेल तर उपविभागीय समितीकडे अपील करायला ६० दिवस मिळतात. दावा फेटाळल्याचं तोंडी सांगितलं तर ते पुरेसं नाही. लेखी कारण मागा, कारण ते नसेल तर अपिलात खोडायला काही उरत नाही.

२०२२ च्या अखेरीस सुरगाण्याच्या सीमेवरच्या काही गावांनी "सोयी देत नसाल तर गुजरातला जोडा" असं निवेदन दिलं आणि यंत्रणा एकदम गावात आली. लक्ष वेधण्याचा तो एक मार्ग होता, पण दरवर्षी वापरता येईल असा नव्हे.

हरकती आणि जनसुनावण्या

इथे मुदत चुकली की बोलणं संपतं. राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन घ्यायची अधिसूचना निघाली की हरकतीला २१ दिवस असतात. सुरत-चेन्नई महामार्गाच्या वेळी जिल्ह्यातल्या अनेकांनी ही अधिसूचना पेपरातून रद्दीत गेल्यावर पाहिली. हरकत व्यक्तिशः, गट नंबरसह द्या. विहीर, पाइपलाइन, द्राक्षबाग यांचे फोटो जोडा. "आमचा विरोध आहे" हे एकच वाक्य सुनावणीत टिकत नाही.

मोठा कारखाना किंवा खाण येणार असेल तर पर्यावरणीय जनसुनावणी होते. प्रदूषण नियंत्रण मंडळ ती लावतं, किमान ३० दिवस आधी नोटीस देतं, आणि जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी अध्यक्ष असतात. अहवालाचा सारांश मराठीत मिळायला हवा, तो आधीच मागून वाचा. सुनावणीत बोललेलं इतिवृत्तात येतं, म्हणून घोषणा देणाऱ्यांच्या आधी तीन मिनिटं शांतपणे बोलून लेखी निवेदन द्या. वीजदरासाठी वीज नियामक आयोगही नाशिकला सुनावणी घेत आला आहे. शेतीपंपाच्या रात्रीच्या विजेबद्दल गल्लीत कितीही बोललो तरी तिथे आपण फार थोडे दिसतो.

छोटी हत्यारं

लोकशाही दिनाबद्दल एक गैरसमज आहे. जिल्ह्याचा लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, अर्ज १५ दिवस आधी विहित नमुन्यात द्यावा लागतो, आणि तक्रार वैयक्तिक स्वरूपाची लागते. गावाची धोरणात्मक मागणी तिथे नेऊ नका, ती परत येईल. तुमची एकट्याची मोजणी, फेरफार, अडकलेलं अनुदान यांना तो चांगला.

माहिती अधिकाराचा अर्ज मात्र गावाच्या कामाचा. १० रुपये फी, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ, उत्तराला ३० दिवस. राज्याच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा, म्हणून नेमकं विचारा: "आमच्या अमुक क्रमांकाच्या ठरावावर झालेल्या टिप्पणीची प्रत द्यावी." ठराव मागे पडला असला तर बहुतेक वेळा हा अर्ज गेल्यावरच फाइल हलते.

एकटं गाव कमी पडतं

दिंडोरीतल्या वाघाड धरणाकडे बघा. टेलला पाणी मिळत नाही म्हणून १९९० च्या सुमारास ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राच्या, बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या पुढाकाराने तीन पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. पुढे त्या २४ झाल्या आणि संपूर्ण प्रकल्पाची मिळून एक संस्था झाली. २००५ मध्ये राज्याने सिंचनाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देण्याचा कायदा केला, तेव्हा नमुना म्हणून दाखवायला वाघाड होतं. मागणी करण्याआधी त्यांनी पाणी मोजायला आणि पट्टी गोळा करायला घेतलं. म्हणून त्यांच्या आकड्यांपुढे खात्याला बोलता येत नव्हतं.

मोर्चाचंही तसंच. ६ मार्च २०१८ ला नाशिकच्या सीबीएसवरून, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावरून, निघालेला किसान सभेचा लाँग मार्च सुमारे १८० किलोमीटर चालून १२ मार्चला पहाटे आझाद मैदानावर पोचला. लक्षात राहिली ती फुटलेल्या पायांची छायाचित्रं. पण मिळालं ते सरकारचं लेखी आश्वासन, आणि वनहक्काच्या दाव्यांसाठी लोकांना २०१९ आणि २०२३ मध्ये पुन्हा चालावं लागलं, कारण लिहिलेलं अंमलात यायला वेळ लागत होता. रस्त्यावर उतरायचं असेल तर कोणता कागद, कोणाच्या सहीने, किती दिवसांत हवा ते आधी ठरवून उतरा.

शेजारच्या पाच-सात गावांनी एकाच आठवड्यात एकाच मजकुराचे ठराव करावेत, एवढं साधं सूत्रही पुष्कळ चालतं. मग आमदारांना विधानसभेत त्यावर लक्षवेधी किंवा तारांकित प्रश्न मांडायला सांगा, आणि तेही अधिवेशनाच्या महिना-सव्वा महिना आधी. नागपूर अधिवेशन सुरू झाल्यावर फोन करून काही होत नाही.

कांदा: इथे टेबल दिल्लीत आहे

लासलगावला लिलाव बंद पाडून निर्यातीचं धोरण बदलत नाही असं कोणी म्हणेल, तर ते पूर्ण खरं नाही, पण ते टेबल गावातही नाही आणि मुंबईतही नाही. १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, डिसेंबरात बंदी आली, ४ मे २०२४ ला ती उठली तरी शुल्क होतं, सप्टेंबरात ते २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ ला शून्य झालं. या प्रत्येक पावलामागे वाणिज्य, ग्राहक व्यवहार आणि अर्थ मंत्रालयांची खाती होती. ग्रामसभेचा ठराव तिथे खासदाराच्या पत्राशिवाय पोचत नाही. संसदीय समित्या विधेयकांवर सूचना मागवतात तेव्हा मुदत साधारण १५ दिवसांची असते. बाजार समिती, शेतकरी उत्पादक कंपनी किंवा संघटनेच्या लेटरहेडवर, लागवडीचा खर्च, चाळीतली घट आणि मिळालेला भाव अशा आकड्यांसह पाठवलेलं टिपण तिथे वाचलं जाण्याची शक्यता जास्त. दहा शेतकऱ्यांच्या लिलावाच्या पट्ट्या जपून ठेवा. त्याच तुमचा पुरावा.

आमच्या ठरावाचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. दुसऱ्या वर्षी कागद बैठकीच्या बारा दिवस आधी गेला, शेजारच्या चार गावांच्या ठरावांसह. अभियंत्यांनी वाचला आणि विचारलं, "सात नंबर किती भरलेत?" आम्ही गठ्ठा टेबलावर ठेवला. त्यांनी तो मोजला नाही, नुसता हाताने जाडी पाहिली. त्या रब्बीला दुसरं आवर्तन टेलकडून सुटलं, चारीची दुरुस्ती मात्र अर्धीच झाली. उरलेल्या अर्ध्यासाठीचा ठराव आता लिहून ठेवलाय, फक्त दिनांक टाकायचा आहे.